कॉलरवाली

“बाई, शर्ट कुठनं सुरू होतो?”

झमकूनं हे विचारलं तेव्हा मी तिच्याच मशीनचा पट्टा बसवत होते. मला वाटलं, थट्टा चाललीय.

“गळ्यापासून सुरू होतो आणि खिशापाशी आला की बायकोचा होतो,” मी म्हटलं. आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. झमकू हसली नाही.

“तसं न्हाय. समजा म्होरं नुसतं कापड हाय. त्येला पैलं काय करायचं?”

“कापायचं.”

“आन् कुठं कापायचं ते कसं कळतं?”

मी पट्टा तसाच सोडला आणि तिच्याकडं बघायला लागले. चार वर्षं ही बाई माझ्या हाताखाली शिवत होती. शाळेच्या शर्टाची कॉलर तिच्यासारखी कुणालाच जमत नव्हती. दोन्ही टोकं एकसारखी, एक टीप इकडची तिकडं नाही. अख्ख्या जेलमध्ये तिला कॉलरवालीच म्हणायचे. आणि तिला शर्ट येत नव्हता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्याचा कधी विचार केला नव्हता, एवढंच.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी सोलापूरची, गाजूलांच्या घरातली सून. नवरा गेला तेव्हा दोन मुलं शाळेत होती आणि मला शिवणाशिवाय काही येत नव्हतं. आमच्या नात्यातल्या चिप्पाशेठचा युनिफॉर्मचा कारखाना होता. त्यांनी एका जेलच्या महिला विभागात शिवणकाम सुरू केलं आणि मला तिथं शिकवायला ठेवलं. जेल कुठलं ते राहू दे. तिथं बारा मशिनी, बारा बायका, आणि दारावर लाल अक्षरात लिहिलेलं ‘पुनर्वसन विभाग’. शेठना स्वस्तात हात मिळाले, जेलला सांगायला काहीतरी मिळालं, मला पगार मिळाला. बायकांना तो दारावरचा शब्द मिळाला.

काम साखळीनं चालायचं. माल सोलापूरला कापून, बंडलं बांधून टेम्पोनं यायचा. मोठी कात्री आत आणायला बंदीच होती. मग एक बाई बाही लावायची, दुसरी खिसा, तिसरी काज, चौथी बटण. झमकूला कॉलरवर मीच बसवलं होतं. आठवड्यात तिचा हात बसला आणि मग मी तिला तिथून उठवलंच नाही. कशाला उठवू? बसलेल्या हाताला उठवलं की माल मागं पडतो. माल मागं पडला की शेठ कुरकुर करायचे, आणि शेठ कुरकुरले की माझं डोकं उठायचं.

त्या दिवशी झमकूनं झंपरच्या आतून दोन घडीचे कागद काढले आणि माझ्यापुढं धरले. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठला कागद कुठला ते तिला घडीवरून कळायचं.

पहिलं पत्र पुण्याच्या एका संस्थेचं होतं. सुटून जाणाऱ्या बायकांना ती संस्था शिवणयंत्र द्यायची. अट एकच, परीक्षकांसमोर बसून एक अख्खा कपडा शिवून दाखवायचा. कापडापासून बटणापर्यंत. दुसरं पत्र मुलींच्या वसतिगृहाचं. झमकूची मुलगी रेश्मा तिथं चौथीत होती. आईनं उपजीविकेचं साधन दाखवलं तर मुलगी तिच्या हवाली करता येईल, असं त्यात लिहिलं होतं.

“मशीन न्हाय तर पोरगी न्हाय,” झमकू म्हणाली. “दीड म्हैन्यानं परीक्षा हाय. त्येच्या म्होरल्या आठवड्यात मी सुटती.”

“अगं, पण तुला प्रमाणपत्र दिलंय ना? सव्वीस जानेवारीला?” मी उगाच म्हटलं. “शिवणकामात तरबेज म्हणून?”

“ते दिलंय की. पर ते म्हनत्यात, समोर बसून शिव. कागद टाचून फ्राक व्हत न्हाय, बाई.”

झमकू काळे पारध्याची. दरोड्याच्या केसमध्ये पोलिसांनी पालावरची सगळी माणसं उचलली त्यात ती पण आली. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही. एकदा दुसऱ्या एका बाईनं विचारलं तर झमकू म्हणाली होती, “म्या केलं म्हनलं तरी पारधीण, न्हाय म्हनलं तरी पारधीण. मग तोंड कशाला शिणवू?” तिला आत टाकलं तेव्हा रेश्मा तीन वर्षांची होती. पोरगी आधी मावशीकडं राहिली. पाल हलेल तसं ते कुटुंब हलायचं. मग कुणीतरी भल्या माणसानं तिला वसतिगृहात घातलं. सहा वर्षांत मायलेकींची भेट नाही. आणायला कोण होतं?

माझा स्वभाव असा की आधी बोलायचं आणि मग विचार करायचा. शनिवारी शेठ टेम्पोबरोबर आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं.

“शेठ, कॉलरवाली सुटतेय. बाहेर आली की तुमच्या कारखान्यात घ्या ना तिला. अशी कॉलर तुम्हाला दुसरीकडं मिळणार आहे का?”

शेठ वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगते. माझ्या धाकट्याच्या मुंजीला... मुंज कसली, आमच्याकडं जानवं घालतात त्याला, त्यांनी स्वतः जेवण दिलं होतं. ते हसले.

“वहिनी, तुम्ही पण ना! आत ठीक आहे. बाहेर कारखान्यात पारध्याची बाई आणून बसवली तर शेजारच्या मशीनवरची उठून घरी जाईल. शिवाय एक बॉबिन हरवली तरी पोलिसांना काय सांगू?”

“चार वर्षांत तिनं एक सुई इकडची तिकडं केली नाही.”

“म्हणून तर म्हणतोय, आत ठीक आहे,” शेठ म्हणाले आणि बंडलं मोजायला गेले.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. त्या दिवशी मला कळलं की जात्याला खुंटा ठोकून द्यायचं काम मी करत होते. रात्री मला जेवण गेलं नाही. शेठचा राग आलाच, पण त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त आला. झमकूला शिकवते म्हणून मी पगार घेत होते आणि चार वर्षांत मी तिला एक कॉलर शिकवली होती. चार इंचाचं काम.

सोमवारी मी ढोबळेमॅडमकडं गेले. त्या महिला विभागाच्या तुरुंगाधिकारी. कडक इस्त्री, कडक आवाज, चहा मात्र एकदम पातळ. दुपारी बारा ते तीन सगळ्या बायका बराकीत बंद असायच्या. त्यातला एक तास मला झमकू हवी होती.

“कशाला?” मॅडमनी विचारलं.

“कॉलरचा माल मागं पडलाय.”

धडधडीत खोटं. पण शेठच्या मालाचं नाव घेतलं की त्या ऑफिसात सगळी दारं उघडायची, हे मी चार वर्षांत शिकले होते. मॅडमनी मान हलवली. मी जाता जाता विचारून घेतलं, “आणि मॅडम, एखादी कात्री...”

“कात्री?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “आणि ती पारध्याच्या बाईच्या हातात? गाजूलबाई, तुम्हाला नोकरी नको झालीय का मला?”

तर कात्रीशिवाय कापणं शिकवायचं होतं. पोहणं शिकवायचं आणि विहीर दाखवायची नाही, तसला प्रकार.

मी घरून रद्दी आणली. वर्तमानपत्र घडी घालायचं, नखानं घडी पक्की करायची आणि पट्टी धरून हळूच फाडायचं. सरळ रेषा नीट फाटते. गळ्याची आणि मुंढ्याची, म्हणजे बाही बसते तिथली, गोलाई फाडायला मात्र चिमटी-चिमटीनं जावं लागतं. खूण करायला अंगाच्या साबणाची वाळलेली चकती. साबणाला जेलमध्ये कुणी हरकत घेत नाही.

पहिले चार दिवस पालथ्या घड्यावर पाणी. तिला टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते, आणि मी आपली बोंबलतेय, छातीचा चौथा भाग अधिक दोन, खांद्याचा अर्धा.

“बाई, तुमचं दोन म्हंजी केवढं?” शेवटी तिनं वैतागून विचारलं.

“दोन म्हणजे दोन इंच! एवढं.” मी टेप दाखवला.

तिनं आपली बोटं त्यावर ठेवून बघितली. “ह्ये तीन बोटं झालं. तसं बोला की मग. माझा बा तितराला फासं लावायचा, तवा दोन फाशांत किती बोटं सोडायची ते मला पाठ व्हतं. लावरीला येगळं, तितराला येगळं. मोराला येगळं. पर मोराचं कुनाला सांगू नका.”

मला एकदम माझी आई आठवली. विड्या वळता वळता ती गल्लीतल्या पोरींचे परकर शिवायची. आमच्या घरात टेप नव्हता. वीत, टीचभर, चार बोटं, याच्यावर तिनं अर्धी गल्ली नेसवली होती. मी शिवणाच्या क्लासला गेले आणि टेप घेऊन आले तेव्हा ती म्हणाली होती, “आता माणसाला हात न लावता कपडा होणार म्हण की.” मी टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

त्यानंतर गाडी रुळावर आली. पुरुषाच्या शर्टाला गळ्याशी किती, बाईच्या पोलक्याला किती, लहान पोरीला किती, सगळं वितीत आणि बोटांत. झमकू माझ्या अंगावर माप घ्यायची. मी जाडी, त्यामुळं तिला भरपूर सराव झाला. वर्तमानपत्राचं पोलकं माझ्या पाठीला लावून बघायची आणि म्हणायची, “बाई, तुमच्या पाठीवर कालची समदी बातमी बसली, अजून जागा हाय.” मीही सोडत नव्हते. “तुझ्या नाकावर बसेल का बघ उरलेली,” म्हणायचे. त्या तासात आम्ही दोघी जितक्या हसलो तितकी मी नवरा गेल्यापासून हसले नव्हते. एका कागदाच्या घडीतून तिनं स्वतः बाही काढली आणि ती मुंढ्यात बरोबर बसली तेव्हा तिनं ती बाही तोंडावर धरली आणि कितीतरी वेळ खालीच घेतली नाही. रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. मी पण विचारलं नाही.

परीक्षेला दहा दिवस राहिले आणि शेठ मधल्याच वारी येऊन टपकले. दार उघडून आत आले तर मी टेबलावर दोन्ही हात पसरून उभी आणि झमकू माझ्या अंगाला सोलापूरची वर्तमानपत्रं टाचतेय.

“वहिनी, हे काय? रद्दीचा धंदा सुरू केला?”

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण अंगभर टाचण्या असताना माणसाला खोटंही नीट बोलता येत नाही. शेठनी टेबलावरचे कागद उचलून बघितले. ते स्वतः कापड जाणणारे. त्यांना लगेच कळलं.

“कॉलरचा माल मागं पडलाय म्हणून ऑफिसात सांगितलंत ना तुम्ही?” ते मराठीतून तेलुगूत शिरले, म्हणजे विषय घरचा झाला. “आज हिला शर्ट शिकवाल, उद्या बाकीच्या अकरा म्हणतील आम्हालाही शिकवा. मग साखळी कोण चालवणार? मी काय शाळा काढलीय?”

“दारावर तर तसंच लिहिलंय,” मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शेठचा चेहरा पडला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सरळ ऑफिसात गेले.

अर्ध्या तासानं मला बोलावणं आलं. झमकूलाही. मी वाटेत तिचा हात धरला. शेठ खुर्चीत बसले होते आणि मॅडमच्या टेबलावर आमचं वर्तमानपत्राचं पोलकं पसरलेलं.

“खोटं सांगून कैद्याला बराकीबाहेर काढलंत,” मॅडम म्हणाल्या. “याचा अर्थ कळतो का?”

“कळतो. पण कात्री वापरली नाही. एक दिवस नाही. सगळं हातानं फाडलंय.”

मॅडमनी पोलकं उचललं. उलटसुलट केलं. बाहीत दोन बोटं घालून बघितली.

“हे हातानं फाडलंय?”

“व्हय, मॅडम,” झमकू म्हणाली. “गळ्याला जरा वाकडं गेलंय. ते पान लई पातळ व्हतं.”

मॅडमनी पोलकं टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडं वळल्या. “पुण्याची संस्था परीक्षा कुठं घेणार आहे?”

“इथंच, तुमच्याच हॉलमध्ये,” मी म्हटलं.

“म्हणजे माझ्या जेलमध्ये चार वर्षं शिवणकाम शिकलेली बाई माझ्याच हॉलमध्ये परक्या माणसांसमोर नापास होणार. मी ज्या प्रमाणपत्रावर सही केली, ते खोटं ठरणार. नाव कुणाचं जाणार, चिप्पाशेठ? तुमच्या शर्टावर तर जेलचं नावसुद्धा नसतं.”

मॅडमनी पोलक्याची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्याकडं सरकवली. “राहिलेले दहा दिवस एकाच्या जागी दोन तास घ्या. मी येऊन बसेन. आणि यापुढं माझ्याशी खोटं बोललात तर तुम्हालाच बारा ते तीन बराकीत ठेवीन.”

त्या खरोखर येऊन बसायच्या. फाइल उघडी ठेवून. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की फुग्याच्या बाहीला चुण्या कुठून धरतात. त्यांना भाचीचं काहीतरी शिवायचं होतं.

परीक्षेला संस्थेनं इनामदारमास्तरांना पाठवलं होतं. सत्तरीचे, पांढरी टोपी, नाकावर खाली घसरलेला चष्मा. चाळीस वर्षं शिंपीकाम शिकवलेले. त्यांनी पिशवीतून फुलाफुलाचं सुती कापड काढलं, टेबलावर टाकलं आणि शेजारी दहा इंची कात्री ठेवली. दारातली शिपाईबाई एक पाऊल पुढं आली. मॅडमनी तिला डोळ्यांनीच मागं सारलं.

“फ्रॉक शिव, बेटी,” मास्तर म्हणाले. “आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा. गोल गळा, फुग्याची बाही, मागं बटणं. हा मापाचा तक्ता.”

“तक्ता वाचता येत न्हाय मला,” झमकू म्हणाली. “पर माझी पोरगी नऊ वर्सांची हाय.”

“मग तर सोपंच झालं,” मास्तर म्हणाले आणि स्टुलावर बसले.

मला बोलायची परवानगी नव्हती. मी भिंतीशी उभी. शेठही आले होते, हाताची घडी घालून. झमकूनं कापड पसरलं, घडी घातली, नखानं पक्की केली. मग साबणाची चकती घेऊन वितीनं माप टाकायला लागली. खांदा. गळा. मुंढा. आणि मी भिंतीपासून एक पाऊल पुढं आले.

माप लहान होतं. थोडंथोडकं नाही, निम्मं. एवढ्या खांद्यात नऊ वर्षांची मुलगी कुठली बसायला? तो तीन वर्षांच्या पोरीचा खांदा होता. मी तिला पोलकं शिकवलं, शर्ट शिकवला, लहान मुलीचं माप बोटांवर पाठ करून घेतलं. पण चार वर्षांत त्या हॉलमध्ये आम्ही दोघींनी नऊ वर्षांची मुलगी पाहिली नव्हती, आणि तिनं तर सहा वर्षांत. तिच्या डोळ्यांपुढं एकच पोरगी होती आणि ती वाढली नव्हती.

मी खाकरले. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा भिंतीला टेकले.

झमकूनं कात्री उचलली. आयुष्यात पहिल्यांदा. दोनदा हवेत उघडझाप करून बघितली आणि खुणेच्या बरीच बाहेरून कापडात घातली. करकर आवाज झाला तशी ती दचकली, मग हसली आणि पुढं गेली. त्यानंतर तिनं मान वर केली नाही. मशीनवर तिचा हात मला ठाऊकच होता. पण आज ती मध्येच थांबायची, कापड आत दुमडायची, पुन्हा दुमडायची, मग टीप मारायची. मला वाटलं, गोंधळली. दोन तास मी मनातल्या मनात आमच्या देवाला, मार्कंडेयाला, नवस बोलत होते.

शेवटचं बटण लावून तिनं फ्रॉक मास्तरांपुढं ठेवला. सुरेख झाला होता. आणि इवलासा होता.

मास्तरांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडाकडं केला. “शिवण छान आहे. बाही छान आहे,” ते म्हणाले. “पण बेटी, माप चुकलं. हा तीन वर्षांच्या मुलीचा आहे.”

“मी म्हटलंच होतं,” शेठ हळूच म्हणाले. कुणाला म्हटलं होतं कुणास ठाऊक.

झमकूनं फ्रॉक मास्तरांच्या हातातून घेतला आणि उलटा केला.

आतून तो फ्रॉक निराळाच होता. दोन्ही बाजूंच्या शिवणीत चार-चार बोटं कापड दुमडून आत ठेवलेलं. खांद्यावर तसंच. बाहीत तसंच. कमरेला चुण्यांच्या आत, आणि घेराला तर एकावर एक तीन दुमडी. आणि ही प्रत्येक दुमड मोठ्या, सैल टाक्यांनी धरलेली, एक दोरा ओढला की सुटणारी.

“चुकलं न्हाय, मास्तर,” ती म्हणाली. “पोरगी केवढी झाली मला ठावं न्हाय. लई डोळं मिटून बघितलं, नऊ वर्सांची दिसंनाच. म्हून ल्हानीचा शिवला आन् मोठी आत ठिवली. भेटली की उसवीन.”

ढोबळेमॅडम उठून खिडकीकडं गेल्या आणि तिथं बाहेर काहीच नसताना बाहेर बघत राहिल्या. मास्तरांनी चष्मा काढला, टोपीच्या काठानं पुसला आणि फ्रॉक पुन्हा हातात घेऊन एकेक दुमड बोटानं चाचपली.

“गळा?” त्यांनी विचारलं.

“गळा मोठा कराया काय, कापला की झाला. ल्हान कराया येत न्हाय.”

“हे कुणी शिकवलं?”

झमकूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मी शिकवलं नव्हतं. आमच्या मालात पाव इंचाच्या वर कापड आत सोडायची सोय नव्हती. शेठ मास्तरांच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनीही हात पुढं करून घेराची दुमड बघितली. कापडवाला माणूस, त्याला राहवलं नाही.

“मास्तर, तुमचं कापड थोडं जास्तच गेलं,” ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचं काही नव्हतं.

“जाऊ द्या,” मास्तर म्हणाले आणि कागदावर सही केली.

ती सुटली त्या दिवशी मी रजा काढली. मशीन संस्थेच्या गाडीनं मागून येणार होतं. दोन एसट्या बदलून आम्ही वसतिगृहाला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अधीक्षिकाबाईंनी कागद बघितले आणि रेश्माला हाक मारली.

आली ती माझ्या खांद्याला लागणारी, सावळी, उंच, काटकुळी मुलगी. दोन वेण्या, शाळेचा शर्ट. आमच्यापासून पाच पावलांवर उभी राहिली आणि दोघींकडं आळीपाळीनं बघायला लागली. तिला आई कुठली ते कळत नव्हतं. झमकूनं पिशवीतून फ्रॉक काढला, तिथंच पायरीवर बसली आणि दोरे ओढायला लागली. खांद्याचे, बाजूचे, घेराचे. सगळे. मुलगी नवलानं बघत राहिली. इवलासा फ्रॉक मोठा होत गेला.

तिनं तो मुलीच्या अंगाला लावून बघितला. सगळं उसवूनही वीतभर आखूड. पाठीवर बटण काजापर्यंत पोचेना.

मला रडूच आलं. एवढी मरमर करून! “अगं झमके,” मी म्हटलं, “कमी पडला गं.”

“लहान होतोय,” रेश्मा हळूच म्हणाली. पहिलं वाक्य.

आणि झमकू हसायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं डोकं फिरलं. पण ती डोळे पुसत, पोट धरून हसत होती. “व्हऊ दे! व्हऊ दे ल्हान! म्या ठिवली त्यापरीस मोठी झाली माझी बाय!” ती म्हणाली. “आता कशाला आदमासानं शिवू? माप घ्याया पोरगी हाय की म्होरं.”

फ्रॉक माझ्या हातात कोंबून ती उठली आणि मुलीच्या खांद्यावर तिनं वीत ठेवली. मुलगी आधी ताठ उभी राहिली. मग दंडापाशी तिला गुदगुल्या झाल्या आणि ती वाकडी झाली, तशी झमकू म्हणाली, “हलू नगंस, माप चुकंल.” मग पाठ मोजली, कंबर मोजली, गुडघ्यापर्यंत आली आणि पुन्हा खांद्यापासून सुरू केलं. मुलगी तशीच उभी राहिली, आणि तिसऱ्यांदा खांद्यावर हात आला तेव्हा तिनं आपणहून दोन्ही हात वर केले.

फ्रॉकच्या मापाला एवढा वेळ लागत नाही. अधीक्षिकाबाई मला म्हणाल्या, “शेवटची बस साडेपाचला आहे.” मी म्हटलं, “जाऊ द्या बस,” आणि पायरीवर बसले.